फोन हँग झालेला नाही: टॉकबॅक वापरताना या चुका टाळा

टॉकबॅक, म्हणजे अंधांसाठी पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, चालू असलेला फोन घरातल्या डोळस माणसाच्या हाती गेला की निदान ठरलेलं, "हा हँग झालाय." एकदा टिचकी मारली तर तो नुसतं नाव वाचतो, एका बोटाने पडदा सरकत नाही. मग फोन म्हापशाला नाहीतर मडगावला दुकानात जातो, रीसेट होतो आणि बॅकअप नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळं पुसलं जातं. दुकानात द्यायचाच असेल तर आधी दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकत्र तीन सेकंद दाबून टॉकबॅक बंद करा. हा शॉर्टकट आधी लावून ठेवावा लागतो: सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टॉकबॅक, टॉकबॅक शॉर्टकट. लॉक स्क्रीनवरूनही तो चालावा यासाठी वेगळा पर्याय आहे, तोही चालू करा. नाहीतर फोन लॉक असताना टॉकबॅक बंद पडलं की पिन टाकायला दुसऱ्याला शोधत बसावं लागतं.

उलटही घडतं. घट्ट कव्हरमध्ये किंवा खिशात ही दोन बटणं एकत्र दाबली जातात आणि फोन मुका होतो. बॅटरी संपली असं धरून चार्जर शोधण्याआधी तीच बटणं पुन्हा तीन सेकंद दाबून बघा.

बोटाचं काय चुकतं

सर्वात जास्त घोळ इथेच होतो. फोन ऐकत नाही म्हटल्यावर माणूस बोट आणखी जोरात दाबतो. पण पडद्याला दाब कळत नाही, फक्त स्पर्श कळतो. जोर लावल्याने बोट सपाट होतं, जास्त वेळ टेकून राहतं, आणि दोन टिचक्यांऐवजी फोनला दाबून धरल्यासारखं वाटतं. टिचक्या हलक्या आणि लागोपाठ हव्यात. त्या आयकॉनवरच पडायला हव्यात असंही नाही: नाव ऐकू आलं की बोट उचला आणि पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारा. पुन्हा तीच जागा शोधायला गेलात तर वाटेत भलत्याच बटणाला स्पर्श होतो आणि तेच उघडतं.

पुढच्या गोष्टीवर जायला उजवीकडे झटका द्यायचा. हे बोट सावकाश ओढलं तर फोन समजतो की तुम्ही पडदा चाचपताय, आणि बोटाखाली येईल ते वाचत सुटतो. सरकवायला दोन बोटं लागतात, त्यांत थोडं अंतर ठेवा. एकमेकांना चिकटलेली बोटं कधीकधी एकच धरली जातात. फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने चालवणाऱ्यांचा तळवा कडेला टेकतो, आणि फोन त्याला दुसरं बोट समजतो. शिकताना फोन सरळ टेबलावर ठेवा.

तीन बोटांच्या एका टिचकीने टॉकबॅकचा मेनू उघडतो. अँड्रॉइड ११ च्या आधीच्या फोनवर ती चालत नाही. तिथे एका बोटाने खाली आणि न उचलता उजवीकडे वळा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे गोव्यात आणखी एक पाहुणा असतो, पाणी. पडद्यावरचा थेंबही स्पर्शासारखा नोंदवला जातो आणि फोन आपोआप बडबडू लागतो. आधी पॉवर बटणाने लॉक करा, मग सुती रुमालाने पुसा. नारळ खवल्यावर हात साबणाने धुवा, तेलकट पडद्यावर झटका नीट बसत नाही.

आवाज गेला, आवाज बदलला

सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावात रेंज गेली की मराठी आवाज अडखळतो, कारण आवाजाची फाइल फोनमध्ये उतरवलेलीच नसते. वायफाय असताना टेक्स्ट-टू-स्पीचच्या, म्हणजे मजकुराचा आवाज करणाऱ्या इंजिनाच्या, सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी आवाज डाउनलोड करा. देवनागरी कोंकणी मराठी आवाजात समजण्याइतपत वाचली जाते. कोंकणीच हवी तर ई-स्पीक एनजी हे मोफत इंजिन आहे, उच्चार यांत्रिक असला तरी. रोमी, म्हणजे रोमन लिपीतले कोंकणी मेसेज मात्र इंग्रजी उच्चारांत भलतेच ऐकू येतात. ते अक्षरागणिक ऐका, किंवा पाठवणाऱ्याकडून सरळ व्हॉइस मेसेज मागा.

व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज लावल्यावर आवाज अचानक बारीक होतो? फोनच्या वरच्या कडेवरून हात काढा. तिथल्या सेन्सरला वाटतं फोन कानाला लावलाय, म्हणून आवाज कानाच्या स्पीकरमध्ये जातो. स्वस्तातला स्क्रीन गार्ड हा सेन्सर झाकत असेल तर कॉल संपल्यावरही पडदा काळा राहतो. गार्ड बदला, फोन नको.

आयफोनवर तीन बोटांच्या दोन टिचक्यांनी व्हॉइसओव्हरचं (आयफोनच्या टॉकबॅकसारख्या सोयीचं) बोलणं बंद होतं, तीन टिचक्यांनी पडदा काळा होतो. दोन्ही चुकून होतात. पुन्हा तेच केलं की पूर्ववत.

पैसे देताना

बाजारात क्यूआर स्कॅन करत बसू नका, प्लास्टिकखालच्या कागदावर चमक येते आणि कॅमेरा अडतो. विक्रेत्याचा मोबाइल नंबर टाका, त्याचं नाव वाचून घ्या, मग रक्कम. पिन टाकताना आधी वायरचा इअरफोन लावा आणि टॉकबॅकच्या मेनूमधून ‘हाइड स्क्रीन’ निवडा, म्हणजे कदंबा बसच्या गर्दीत शेजारच्याला काही दिसत नाही. वायर अशासाठी की ब्लूटूथला आवाज उशिरा येतो, आणि आकडा ऐकू येण्याआधीच बोट पुढे सरकलेलं असतं. कुणी पैसे पाठवणार म्हणून पिन मागत असेल तर फोन खाली ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अ‍ॅप आहे, २०२० पासून. नेटशिवाय चालतं.

टॉकबॅक वरचेवर आपोआप बंद होत असेल तर दोष बहुधा बॅटरी वाचवण्याच्या सोयीचा. सेटिंग्जमध्ये टॉकबॅक आणि आवाजाचं इंजिन या दोन्ही अ‍ॅप्सची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. फोनमध्ये सफाई करणारं अ‍ॅप असेल तर ते काढून टाका.