टॉमकॅटवर पहिलं सर्व्हलेट, मराठी अक्षरं शाबूत ठेवून

सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरवर चालणारा जावा क्लास. ब्राउझरची मागणी आली की टॉमकॅट (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) त्यातली मेथड बोलावतो आणि ती जे लिहील ते परत पाठवतो. इथे नाव घेऊन मराठीत नमस्कार करणारं सर्व्हलेट करू. कोड थोडाच आहे. वेळ खातात त्या आवृत्त्या आणि फोल्डर. (खालची सगळी नावं टाइप करताना रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं सांभाळून लिहायची.)

टॉमकॅट १०.१ घ्या, त्याला किमान जावा ११ लागतं. टॉमकॅट ९ पर्यंत पॅकेजचं नाव 'जावॅक्स.सर्व्हलेट' होतं, १० पासून 'जकार्ता.सर्व्हलेट' झालं. जुने धडे पाहून, जुन्या जारवर (जावा लायब्ररीच्या फाइलवर) कंपाइल केलेला क्लास १० वर टाकला तर त्यावरचं अ‍ॅनोटेशन (@ ने सुरू होणारी खूण) ओळखलंच जात नाही. लॉगमध्ये तक्रार नाही आणि पानावर नुसतं ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. पहिल्यांदा करणारे सर्वांत जास्त इथेच अडकतात.

आता क्लास. तो एखाद्या पॅकेजमध्येच ठेवा. 'एचटीटीपीसर्व्हलेट'पासून एक्स्टेंड करा आणि वर '@वेबसर्व्हलेट' लावून पत्ता द्या: '/नमस्कार'. सुरुवातीची तिरकी रेघ विसरलात तर अख्खं अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नाही. मग ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारी 'डूगेट' मेथड ओव्हरराइड करा आणि त्याच्यावर '@ओव्हरराइड' लिहाच. मेथडच्या नावात किंवा पॅरामीटरमध्ये चूक असेल तर कंपायलर तिथेच अडवतो. नाहीतर मूळ मेथड चालते आणि ४०५ ('ही पद्धत चालत नाही') येतो.

'डूगेट'ची पहिली ओळ 'सेटकंटेंटटाइप': टेक्स्ट/एचटीएमएल आणि सोबत कॅरसेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८. ती 'गेटरायटर'च्या आधीच हवी. नंतर लिहिलेल्या कॅरसेटचा उपयोग नाही. टॉमकॅट १० च्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये यूटीएफ-८ ठरवलेलं असतं, तरी त्यावर विसंबू नका. जुन्या टॉमकॅटवर आयएसओ-८८५९-१ गृहीत धरलं जातं आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं.

'गेटपॅरामीटर'ने नाव घ्या. पत्त्यात ते नसेल तर 'नल' मिळतो, म्हणून आधी तपासा. आलेलं नाव जसंच्या तसं पानावर छापू नका: आधी अँपरसँड, मग कोनी कंस आणि अवतरण चिन्हं एस्केप करा (त्यांच्या जागी एचटीएमएलचे सांकेतिक शब्द घाला), नाहीतर कुणीही पत्त्यातून तुमच्या पानात स्क्रिप्ट घुसवेल. आणखी एक, फार महत्त्वाचं: सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एकच असतो, त्यावर अनेक थ्रेड एकाच वेळी चालतात. नाव क्लासच्या फील्डमध्ये ठेवलंत तर गर्दीत एकाला दुसऱ्याचं नाव दिसेल. ते मेथडमधल्या लोकल व्हेरिएबलमध्येच ठेवा.

कंपाइल करताना जावासीला (जावाच्या कंपायलरला) चार गोष्टी सांगा: एन्कोडिंग यूटीएफ-८, रिलीज ११, क्लासपाथवर टॉमकॅटच्या लिब फोल्डरमधली सर्व्हलेट-एपीआय जार, आणि आउटपुट 'पहिला/वेब-इन्फ/क्लासेस'मध्ये. जावा १८ च्या आधी विंडोजवर यूटीएफ-८ आपोआप धरलं जात नसे. प्रश्नचिन्हांऐवजी स्वरचिन्हं लावलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर बहुधा इथेच चुकलंय. रिलीज न सांगता नव्या जावावर कंपाइल करून जुन्यावर चालवलंत तर 'अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर' येतो. ती एपीआय जार अ‍ॅप्लिकेशनमध्ये कॉपी करू नका, टॉमकॅटकडे ती आहेच.

'पहिला' फोल्डरच्या आतल्या गोष्टींची जार कमांडने वॉर फाइल (अख्खं अ‍ॅप्लिकेशन बांधलेली एक फाइल) करा. वॉर उघडल्यावर 'वेब-इन्फ' सगळ्यात वर दिसायला हवं, 'पहिला/वेब-इन्फ' नव्हे. ती टॉमकॅटच्या वेबअ‍ॅप्समध्ये टाकली की काही सेकंदांत आपोआप उलगडते. फाइलचं नावच पत्त्यात येतं: लोकलहोस्ट:८०८०/पहिला/नमस्कार. दूरच्या सर्व्हरवर चढवताना फाइल आधी त्याच डिस्कवर दुसरीकडे उतरवा आणि मग वेबअ‍ॅप्समध्ये हलवा. थेट तिथे पाठवली तर टॉमकॅट अर्धवट आलेली फाइल उघडायला जातो.

लिनक्सवर १०२४ खालच्या पोर्टना एरवी रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी युजरचे, अधिकार लागतात. पण तेवढ्यासाठी टॉमकॅट रूटने चालवू नका. त्याला वेगळा युजर द्या, ८०८० वरच राहू द्या, आणि पुढे एनजिनेक्स हा वेब सर्व्हर ठेवून ८० व ४४३ त्याच्याकडे सोपवा. नमुन्यादाखल आलेली एक्झाम्पल्स आणि न लागणारा मॅनेजर वेबअ‍ॅप्समधून काढून टाका.

५०० (सर्व्हरमधली चूक) आला तर ब्राउझरकडे बघत बसू नका. लॉग्ज फोल्डरमध्ये कॅटलिनाचा लॉग असतो आणि त्याशेजारी लोकलहोस्ट नावाचा, तारीख असलेला लॉग. सर्व्हलेटमधल्या एक्सेप्शनचा तपशील बहुतेकदा या दुसऱ्यात सापडतो.