फोटो ‘ब्लर’ आला म्हणजे नेमकं काय झालं? फोकस आणि मांडणीतल्या या चुका टाळा

नवा कॅमेरा हातात आला की फोटो काढून चार जणांना दाखवले जातात. उत्तर येतं, “मस्त!” नाहीतर “जरा ब्लर वाटतोय.” या दोन्ही उत्तरांनी पुढचा फोटो सुधारत नाही. ‘ब्लर’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळे दोष दडलेले असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. हात हललेल्या फोटोवर नवी लेन्स घेऊन काही होत नाही.

म्हणून आधी फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, दिव्याच्या ठिपक्याची रेघ झालीय, तर कॅमेरा हलला. मागची भिंत स्वच्छ आणि चालणारा माणूस तेवढा पुसट, तर शटरचा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या पडद्याचा, वेग कमी पडला. कुठलीतरी एक गोष्ट शार्प आहे, पण हवी ती नाही, तर फोकस चुकला. आणि कुठेच काही शार्प नाही, दिव्यांभोवती धुरकट वलय आहे, तर लेन्सची काच बघा. मोबाइलवाल्यांनी तर ती सगळ्यात आधी बघावी. खिशातला घाम आणि बोटांचं तेल यांनीच निम्मे फोटो बिघडतात.

हात हलण्यासाठी साधा हिशोब आहे. लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे तिच्यावरचा एमएमचा आकडा, गुणिले दीड, आणि शटर एक भागिले त्या उत्तराहून वेगवान. नेहमीच्या १८-५५ लेन्सवर ५५ ला झूम केलं असेल तर १/१०० सेकंदाहून संथ जाऊ नका. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर यापेक्षा संथ शटरही चालतं, पण ते फक्त तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची हालचाल नाही. बोलणाऱ्या माणसाला १/२०० लागतं, पोळ्याला वेशीतून येणाऱ्या उधळलेल्या बैलजोडीला १/८०० किंवा वर. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) वाढवावा लागला तर बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो खपतो, हललेला खपत नाही.

सहा सेंटिमीटरचा खेळ

सगळ्यात जास्त फोटो जातात ते इथे. नवीन शिकणारा ५० एमएम एफ/१.८ लेन्स घेतो, कारण मागचं सगळं विरघळतं आणि अंधारातही फोटो निघतो. मग माळवदाच्या घरात, चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आजीचा फोटो काढायला बसतो. अंतर दीड मीटर, ॲपर्चर (लेन्सचं उजेडाचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं) एफ/१.८. एपीएस-सी सेन्सरच्या, म्हणजे बहुतेक नवशिक्यांकडे असतो तशा मध्यम सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर या हिशोबात पुढून मागे शार्प पट्टा मिळतो जेमतेम ६ सेंटिमीटरचा. काठवटीतले हात आणि आजीचे डोळे यांत तीस-चाळीस सेंटिमीटरचं अंतर असतं. हातावर फोकस पडला की बांगड्यांना चिकटलेलं पीठसुद्धा दिसतं आणि चेहरा मेणासारखा वितळतो. लेन्स चांगली आहे, फोकसही अचूक आहे. फक्त एवढ्या बारीक पट्ट्यात दोन गोष्टी मावत नाहीत.

इथे ठरवायला हवं की हा फोटो हातांचा की चेहऱ्याचा. दोन्ही हवे असतील तर एफ/५.६ करा. तरी दीड मीटरवर पट्टा १९ सेंटिमीटरच होतो. मग एक मीटर मागे सरका. अडीच मीटरवरून त्याच एफ/५.६ ला अर्ध्या मीटरपेक्षा थोडा जास्त पट्टा मिळतो आणि हात-चेहरा दोन्ही बसतात. फोकस मात्र दोघांच्या साधारण मध्ये, खांद्याच्या पुढच्या बाजूला धरा. मागे सरकल्याने आजी चौकटीत लहान दिसेल, पण आजच्या २४ मेगापिक्सेलमधून कापून घ्यायला भरपूर शिल्लक राहतं. उजेड कमी पडला तर सवण्याखाली (माळवदातल्या झरोक्याखाली) किंवा दाराच्या उजेडात बसायची विनंती करा. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, तर दिवसभर सुंदर, मऊ उजेड असतो.

याच प्रकरणात आणखी एक सवय नडते. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करायचा, शटर अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा बाजूला वळवून चौकट जुळवायची. लांबच्या माणसाला हे चालतं. दीड मीटरवर कॅमेरा १५ अंश वळवला तर फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर मागे जाते. पट्टा ६ सेंटिमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढे-मागे ३-३. डोळा पट्ट्याबाहेर गेला आणि कान शार्प आला! त्यापेक्षा फोकस पॉइंटच हलवून डोळ्यावर आणा. तुमच्या कॅमेऱ्याला डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो सुरू ठेवा.

फोकस पॉइंट निवडण्याचं काम कॅमेऱ्यावर सोडलं तर तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची किंवा सगळ्यात ठळक कडा असलेली वस्तू पकडतो. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात कडब्याची कोप (खोपटी) उभी असते. तिच्या दारात बसलेल्या माणसाचा फोटो घ्या, फोकस हमखास कडब्याच्या ताटांवर जातो, कारण उन्हात चमकणाऱ्या उभ्या रेघा चेहऱ्यापेक्षा कॅमेऱ्याला सोप्या वाटतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की कॅमेरा त्या पिवळ्या ढगाशी झटत बसतो. उधळण व्हायच्या आधी माणसावर फोकस धरा, लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर टाका आणि मगच क्षणाची वाट बघा. जागा मात्र बदलू नका, बदलली तर पुन्हा फोकस. घरी आल्यावर काचेवरचा भंडारा रुमालाने पुसू नका, आधी ब्लोअरने उडवा. भंडाऱ्यात धुळीचे कण असतातच, ते घासले की काचेवर ओरखडा येतो.

सगळं बरोबर करूनही फोकस दरवेळी थोडा मागे किंवा पुढे पडतोय? टेबलावर पाच पेन्सिल सेल तिरक्या ओळीत उभे करा, मधल्यावर फोकस करून दोन फोटो घ्या, एक व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूचा बरोबर आणि व्ह्यूफाइंडरचा चुकीचा आला तर डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) फोकस जुळवून घ्यावा लागेल. मिररलेसला ही अडचण सहसा येत नाही. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच पुसट पण फोटो स्वच्छ येत असेल, तर काही बिघडलेलं नाही. आयपीसजवळचं छोटं चाक तुमच्या नजरेप्रमाणे फिरवा.

नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षी टिपणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. ऊन चढलं की तापलेल्या काठावरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समधला पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. त्यावर कुठल्याही किमतीच्या लेन्सचा इलाज नाही. सूर्योदयाला तिथे असा, आणि जवळ जा.

चौकट

बीबी का मकबरा हा मांडणी शिकायला उत्तम गुरू आहे, कारण तो चूक लपवू देत नाही. तिथे एक-तृतीयांशाचा नियम (चौकटीचे तीन भाग करून विषय मध्याऐवजी त्या रेघेवर ठेवायचा) लावून इमारत बाजूला ढकलू नका. ती समतोलासाठीच बांधलेली आहे. मधल्या पाण्याच्या कालव्याच्या रेषेत उभे राहा आणि मिनार बघा. डावीकडच्या पुढच्या-मागच्या मिनारांतली फट आणि उजवीकडची फट सारखी दिसली, तर तुम्ही बरोबर मध्यावर आहात. एक पाऊल सरकलात तरी एक फट अरुंद होते. कळस मावावा म्हणून कॅमेरा वर तिरका केला की मिनार आत झुकतात. त्याऐवजी मागे जा, कॅमेरा सरळ धरा, खाली कालवा येऊ द्या.

पुढचा कालवा आणि मागची इमारत दोन्ही स्वच्छ हवी असेल तर १८ एमएम, एफ/८ आणि फोकस सव्वादोन मीटरच्या आसपास. साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पट्ट्यात येतं.

वेरूळच्या कैलास लेण्यात, म्हणजे १६ क्रमांकात, अडचण वेगळी. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो, दुपारनंतर जा. (मंगळवारी बंद असतं.) काळ्या बसाल्टला कॅमेरा करडा करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक करा. आणि प्रांगणातल्या ध्वजस्तंभाच्या शेजारी एखादा माणूस चौकटीत येऊ द्या. माणूस नसेल तर तो डोंगर कोरलेला आहे हे फोटोत कळतच नाही.

माणसांच्या फोटोत एकच सवय लावा: बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायची. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, मानेतून जाणारी तार, मनगटावर कापलेला हात, सगळं त्या दोन सेकंदांत सापडतं. खांब काढायला बहुतेक वेळा अर्धं पाऊल पुरतं.

दाखवायचं कसं

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली शटर-ॲपर्चरची नोंदही निघून जाते. त्यावरून फोकसबद्दल कुणी काही सांगितलं तर तो अंदाजच. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत लिहा: फोकल लेंथ, ॲपर्चर, शटर, आयएसओ, फोकस पॉइंट कुठे ठेवला होता आणि बघणाऱ्याला काय दिसावं असं वाटत होतं.

“कसा आलाय?” विचारू नका. “तुमची नजर आधी कुठे गेली?” असं विचारा. फोटोग्राफीतलं काही न कळणारी शेजारची काकूसुद्धा याचं खरं उत्तर देते, आणि ते तज्ज्ञाच्या उत्तराइतकंच मोलाचं असतं. तिघांपैकी तिघांची नजर आजीऐवजी मागच्या चमकणाऱ्या डब्यावर गेली असेल, तर दोष तिथे आहे हे पक्कं. उपाय मात्र तिघे तीन सांगतील: डबा हलव, क्रॉप कर, ॲपर्चर उघड. तिन्ही एकदम करू नका, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच चुलीपुढे बसा, बाकी सगळं तसंच ठेवा आणि आधी डबा उचलून ठेवा.