कोबॉलवर टाकलंय? आधी डेटा वाचायला शिका

ट्रेनिंग संपून अलोकेशनची यादी लागली की काही नावांपुढे 'मेनफ्रेम' (बँका, विमा कंपन्यांचे प्रचंड व्यवहार सांभाळणारा मोठा संगणक) येतं आणि त्या पोरांचे चेहरे पडतात. शेजारच्याला जावा किंवा क्लाऊड मिळालेलं असतं, आणि आपल्या वाट्याला १९५९ सालात जन्मलेली कोबॉल. मी पुण्यात बसून एका परदेशी विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर बरीच वर्षं काम करते आहे, त्यामुळे "मॅडम, यात करिअर आहे का?" हा प्रश्न मला नवा नाही. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी शिकायचं काय ते बघू, कारण बहुतेक जण चुकीच्या जागी जोर लावतात.

कोबॉल ही भाषा म्हणून अवघड नाही. आयडेंटिफिकेशन, एन्व्हायर्नमेंट, डेटा आणि प्रोसीजर अशा चार डिव्हिजन. मूव्ह, अ‍ॅड, परफॉर्म, इव्हॅल्युएट ही नेहमीची क्रियापदं. सी किंवा जावा येत असेल तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. छळतात त्या पंचकार्डाच्या काळातल्या सवयी. पहिले सहा कॉलम ओळ क्रमांकाचे, सातव्यात तारा टाकला की ओळ कॉमेंट, ८ ते ११ एरिया ए, १२ ते ७२ एरिया बी. ७२च्या पुढे लिहिलेलं कंपायलर बघतच नाही आणि त्याबद्दल नेहमी ओरडतोच असंही नाही.

दुसरा छळवादी म्हणजे टिंब. एंड-इफ आलं १९८५च्या स्टँडर्डमध्ये. त्याआधीच्या कोडमध्ये इफ संपतं ते टिंबाने, आणि एक टिंब आतले-बाहेरचे सगळे इफ एकदम बंद करतं. जुन्या पॅराग्राफमध्ये एक ओळ घुसवायची असेल तर आधी टिंब कुठे आहे ते शोधा. तुमच्या नव्या ओळीमागे सवयीने टिंब पडलं, तर खालच्या ओळी अटीतून बाहेर पडतात. प्रोग्राम बहुधा बिनतक्रार कंपाईल होतो, चालतोही आणि चुकीचा हप्ता काढतो.

पण खरी मेहनत डेटा डिव्हिजनवर घ्या. समजा एक फील्ड आहे: पिक एस९(५)व्ही९९ कॉम्प-३ (आकडे दाबून साठवायची पद्धत). म्हणजे सात अंक आणि एक चिन्ह, प्रत्येकाला अर्धा बाइट, एकूण चार बाइट. दशांश चिन्ह साठवलेलंच नसतं. 'व्ही' फक्त ते कुठे समजायचं एवढं सांगतो. ही फाईल आयएसपीएफमध्ये, म्हणजे मेनफ्रेमवरच्या एडिटरमध्ये, उघडलीत तर त्या जागी कचरा दिसेल. आता कमांड लाइनवर 'हेक्स ऑन' टाका. प्रत्येक बाइटचे दोन अर्धे एकाखाली एक दिसतात. रक्कम १२३४५.६७ असेल तर वरच्या ओळीत १ ३ ५ ७ आणि खालच्या ओळीत २ ४ ६ सी. वरून खाली, मग पुढचा स्तंभ असं वाचत जा. शेवटचा सी म्हणजे धन, तिथे डी असेल तर ऋण. हे नजरेला सवयीचं झालं की निम्मं काम आलं असं समजा.

कारण तुमची पहिली रात्र बहुधा 'सॉक सेव्हन'ची असणार. एस-झिरो-सी-सेव्हन हा अबेंड (प्रोग्राम मध्येच कोसळणं), म्हणजे आकड्याच्या जागी आकडा नाही आणि तरी तुम्ही त्यावर हिशेब करायला निघालात. हेक्समध्ये तिथे ४० ४० ४० ४० दिसलं तर निदान झालंच. मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात ४० म्हणजे मोकळी जागा. वरच्या सिस्टीमने रक्कम न भरता रेकॉर्ड पाठवलंय, किंवा दोघांच्या कॉपीबुकमध्ये (रेकॉर्डची रचना लिहिलेली सामायिक फाईल) फरक पडून सगळी फील्डं सरकली आहेत. डंपमधला, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीच्या नोंदीतला, ऑफसेट (प्रोग्राम कुठे थांबला ती जागा) घ्या, कंपाईल लिस्टिंगमध्ये ती ओळ शोधा, मग कुठलं रेकॉर्ड ते शोधा. याच क्रमाने. घाईघाईने ते रेकॉर्ड उडवून जॉब पुढे ढकलणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, ती कुणाची तरी पॉलिसी असते.

जेसीएलकडे, म्हणजे कुठला प्रोग्राम कुठल्या क्रमाने, कुठल्या फाईलवर चालवायचा हे सांगणाऱ्या भाषेकडे, पोरं दुर्लक्ष करतात. सपोर्टला आलात की दिवसभर तेच असतं. त्यातलं 'कॉन्ड' उलट्या डोक्याचं आहे: अट खरी ठरली तर स्टेप चालत नाही, वगळली जाते. कॉन्ड (४,एलटी) म्हणजे मागच्या एखाद्या स्टेपचा रिटर्न कोड (संपताना ती देते तो आकडा) ४ पेक्षा मोठा असेल तर ही स्टेप सोडा. जीडीजी फाईल (जिच्या आवृत्त्या साठत जातात; (०) म्हणजे सध्याची, (+१) म्हणजे नवी) असेल तर रीस्टार्टच्या आधी थांबून विचार करा. काल (+१) म्हणून तयार होऊन कॅटलॉग झालेली फाईल नव्या सबमिटमध्ये (०) झालेली असते.

सरावाला पैसे लागत नाहीत. लॅपटॉपवर जीएनयू कोबॉल टाका, आणि फिक्स्ड फॉरमॅटमध्येच लिहा. फक्त तिथे जेसीएल नाही आणि अक्षरंही एब्सिडिकऐवजी आस्की या संकेतात असतात. खऱ्या मेनफ्रेमचा अनुभव हवा असेल तर आयबीएमच्या झेड एक्सप्लोरवर नाव नोंदवा. खातं फुकट मिळतं. ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा २०२०मध्ये सुरू झालेला कोबॉलचा कोर्सही मोफत आहे. तो सुरू झाला त्याच एप्रिलमध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत म्हणून जाहीर सांगत होते, कारण कोबॉलवर चालणाऱ्या तिथल्या जुन्या सिस्टीमवर बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला होता.

आता करिअर. "मेनफ्रेम दोन-चार वर्षांत जाणार" हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकते आहे. आता एआय कोबॉलचा जावा करून देतं, आणि भाषांतर बऱ्यापैकी करतंही. पण अमुक राज्यात, अमुक सालाआधीच्या पॉलिसीला वेगळा दर का, हे अनेकदा कोडशिवाय कुठेच लिहिलेलं नसतं. ते वाचून सांगणाऱ्याला काम आहे, मायग्रेशनमध्ये तर जास्तच. मात्र घरी बसून कोबॉल शिकलो आणि थेट नोकरी लागली असं फ्रेशरच्या बाबतीत क्वचित होतं. बहुतेकांचा रस्ता सर्व्हिस कंपनीच्या ट्रेनिंगमधूनच जातो. स्टार्टअपची हौस असेल तर इकडे फिरकू नका. डीबी-टू या मेनफ्रेमवरच्या डेटाबेसचं एसक्यूएल मात्र मन लावून शिका, उद्या क्षेत्र बदललंत तरी ते वाया जात नाही.

प्रोजेक्ट मॅनेजर भेटेल तेव्हा तीन गोष्टी तोंडावर विचारा. डेव्हलपमेंट आहे की नुसता सपोर्ट? ऑनलाईन म्हणजे सीआयसीएस (स्क्रीनवरचे व्यवहार लगेच हाताळणारी सिस्टीम) आहे की फक्त बॅच (एकगठ्ठा चालणारे जॉब)? आणि शिफ्ट कुठली? न्यू यॉर्कला रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात, म्हणजे तिकडची रात्रीची बॅच सांभाळायला आपली दिवसपाळी पुरते. तरीही रात्रपाळी सांगितली तर ती कशासाठी, हे होकार देण्याआधी समजून घ्या.