घरच्या लाकडाच्या भट्टीचं इन्सुलेशन आणि पहिली सुकवणी : या चुका टाळा

पिझ्झ्याची घुमटाकार नवी भट्टी बांधून झाली की तिच्या पोटात किती पाणी आहे, हा हिशेब सहसा कोणी करत नाही. ओतीव कास्टेबलचा, म्हणजे आगीत टिकणाऱ्या काँक्रीटचा घुमट असेल तर २०० किलो मालात साधारण २० लिटर पाणी कालवलेलं असतं. वरून व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारं हलकं, फुलवलेलं खनिज) आणि सिमेंटचा थर दिला तर दर १०० लिटर व्हर्मिक्युलाइटमागे आणखी ३० लिटर. गिलाव्याचं आणि ओट्याचं वेगळंच. म्हणजे अडीच-तीन बादल्या पाणी भिंतीत मुरलेलं असताना हौशी यजमान पहिल्याच रविवारी मित्रमंडळींना पिझ्झ्याचं आमंत्रण देतो आणि बाभळीचे फाटे भरून जाळ करतो. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला १७०० लिटरच्या आसपास जागा लागते. ती जागा भिंतीत नसते. मग घुमटाला तडा जातो, आतून खपल्या उडतात, नाहीतर वरचा गिलावा फुगून सुटतो.

इंदूरच्या मिस्त्रींना तंदूर आणि हलवायाच्या भट्ट्या नव्या नाहीत, पण घुमटाची भट्टी वेगळी चालते. पुढच्या बहुतेक चुका दोन प्रश्न न विचारल्याने होतात: उष्णता कुठे साठणार, आणि पाणी कुठून बाहेर जाणार?

जाड भिंत म्हणजे इन्सुलेशन नव्हे

मिस्त्री हमखास म्हणणार, "भिया, नौ इंच की दीवार दे दो, गर्मी कहीं नहीं जाएगी।" गर्मी जाते, आणि आधी त्या नऊ इंचांतच जाते. फायर ब्रिक, म्हणजे आगीत टिकणारी वीट, उष्णता अडवत नाही, पिऊन घेते. घरच्या भट्टीला साडेचार इंच, म्हणजे विटेच्या ११५ मिलिमीटर बाजूएवढी जाडी भरपूर झाली. त्याहून जाड केलीत तर दोन पिझ्झ्यांसाठी तीन-चार तास सरपण जाळत बसावं लागेल. रोज पाव भाजणाऱ्या बेकरीला ते परवडतं, रविवारच्या हौसेला नाही.

उष्णता अडवायचं काम विटेच्या बाहेरच्या थराचं. त्यासाठी सिरॅमिक फायबर ब्लँकेट घ्या: २५ मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला १२८ किलो घनतेचं, १२६० अंश सेल्सियसचं रेटिंग असलेलं. त्याचे दोन थर द्या, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. वीट आणि हे ब्लँकेट यांच्या उष्णता रोखण्यात ढोबळमानाने दहापट फरक आहे; दोन इंच ब्लँकेटचं काम विटेने करायचं तर दीड-दोन फुटांची भिंत लागेल. इंदुरात सियागंज बाजारातल्या साध्या हार्डवेअरच्या दुकानात ते मिळालंच असं नाही. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात कारखान्यांच्या भट्ट्यांचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा.

पर्याय म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या वस्तूंपासून सावध राहा. एसीच्या डक्टवरचं ग्लास वूल घुमटाला चिकटवलं की त्यातला गोंद जळतो, घाण वास सुटतो आणि थर बसून जातो. ॲस्बेस्टॉसची दोरी आणि पत्रे आजही सहज मिळतात, पण जिथे अन्न शिजणार तिथे त्यांना थारा नको. दोरी हवीच तर सिरॅमिक फायबरची घ्या. पीथमपूर-देवासकडच्या भंगारातून आलेल्या जुन्या विटा स्वस्त पडतात खऱ्या, पण त्यांनी आधी काय वितळवलं आहे ते कोण सांगणार? काळपट तपकिरी आणि हाताला विलक्षण जड लागणारी वीट क्रोमची असू शकते. ती घरी आणूच नका.

ब्लँकेट कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. त्याचे तंतू कातडीला खाजवतात आणि छातीत गेलेले तर अजिबात चांगले नाहीत. कोंबडीजाळीने बांधताना आवळायचं नाही. उष्णता अडते ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. एक इंचाचं ब्लँकेट अर्ध्या इंचावर दाबलंत तर पैसे पुरे मोजून काम अर्धंच घेतल्यासारखं होतं.

तळाकडे कोणी बघत नाही

घुमटावर लोक पैसा ओततात आणि तळाच्या फायर ब्रिक थेट सिमेंटच्या स्लॅबवर मांडतात. याचं लक्षण ठरलेलं. पहिल्या पिझ्झ्याची खालची बाजू उत्तम भाजते, तिसऱ्याच्या वेळी वर चीज करपतं आणि खाली पीठ पांढरंच. घुमट तापलेला असतो, तळाची धग मात्र स्लॅब ओढून घेत असतो.

तळाखाली ५० मिलिमीटरचा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घाला, किंवा पाच भाग व्हर्मिक्युलाइट आणि एक भाग सिमेंट यांचा चार इंच थर. ब्लँकेट इथे चालत नाही, वजनाखाली ते चेपतं. घुमटाचं ब्लँकेट खाली येऊन तळाच्या इन्सुलेशनला भिडलं पाहिजे. मध्ये चार बोटांची फट उघडी राहिली तर तिथून उष्णता अखंड गळत राहते. कॅल्शियम सिलिकेट पाणी शोषतं, म्हणून स्लॅबला चार-पाच ठिकाणी बोटभर भोकं ठेवा. या भोकांचा खर्च शून्य आहे आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जातात.

तळ आधीच बिनइन्सुलेशनचा झाला असेल तर? स्लॅबच्या खालून काही चिकटवून फारसा फरक पडत नाही, कारण स्लॅब स्वतःच धग पीत राहतो. बोर्ड आणि नवा तळ वरून चढवता येतो, पण त्यात तीन-चार इंच उंची जाते. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास असावी लागते, हे गणित बिघडलं की धूर चेहऱ्यावर येऊ लागतो. त्यामुळे आधी टेपने मोजा, मग सामान मागवा.

गारा आणि रोजचं पाणी मारणं

नुसत्या सिमेंट-रेतीच्या गाऱ्यात विटा बसवू नका. साध्या सिमेंटची पकड ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान सुटू लागते आणि पिझ्झ्याच्या भट्टीत तेवढं तापमान रोजचं आहे. तीन भाग बारीक रेती, एक भाग सिमेंट, एक भाग चुना, एक भाग फायर क्ले (आगीत टिकणारी माती) हे मिश्रण घरगुती भट्टीला पुरतं. सांधे आतल्या बाजूने जेवढे बारीक ठेवता येतील तेवढे ठेवा.

दुसरी गोष्ट मिस्त्रीला काम सुरू होण्याआधीच बजावून ठेवा. स्लॅबच्या सवयीने तो सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारणार. कास्टेबलला पहिले २४ ते ४८ तास ओलं गोणपाट पुरे, विशेषतः मे महिन्याच्या लू मध्ये. त्यानंतर एक थेंबही नको. कास्टेबल कालवतानाही ‘जरा सैल’ करण्याचा मोह आवरा. जास्तीचं पाणी सुकून गेलं की मागे पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे बारीक तंतू असलेलं कास्टेबल मिळालं तर ते घ्या. ते तंतू १६० अंशांच्या सुमारास वितळतात आणि वाफेला बाहेर पडायला बारीक वाटा करून देतात. काही कास्टेबलमध्ये घातलेल्या स्टीलच्या सुया तडे धरून ठेवतात, वाफेला वाट देत नाहीत.

पहिली आच

बांधकाम झाल्यावर निदान आठवडाभर भट्टीला नुसती हवा खाऊ द्या. मग आत १०० वॅटचा जुना बल्ब दोन-तीन दिवस लावून ठेवा किंवा मध्यभागी ओंजळभर कोळसे पेटवा. या काळात घुमटाच्या आतल्या पृष्ठभागाने १०० अंशांपुढे जाऊ नये. त्यानंतर बारीक काटक्यांचा जाळ: पहिल्या दिवशी १५० अंश, मग रोज ५० वाढवत. प्रत्येक वेळी ती पातळी पाच-सहा तास धरून ठेवायची. अवघड भाग तोच आहे, कारण लाकूड एकदा पेटलं की ३०० वर जायला दहा मिनिटं पुरतात. एका वेळी एकच ढलपा टाका.

मोकळं पाणी १०० अंशांच्या आसपास निघून जातं, पण कास्टेबलच्या सिमेंटने धरून ठेवलेलं पाणी २०० ते ३५० च्या दरम्यान सुटतं. भट्टी दोन दिवस गरम राहिली म्हणून ‘झाली कोरडी’ समजणारे इथे फसतात. ३०० च्या टप्प्यावर दोन दिवस थांबलात तर काही बिघडत नाही. जाळ मध्यभागी ठेवा, ज्वाला घुमटाला चाटता कामा नये. गॅसच्या फ्लेम गनने एका जागी झोत मारून सुकवणं हा तर भिंत फोडायचा खात्रीचा मार्ग आहे. मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर लागेल. स्वस्तातले ३८० ते ४०० अंशांवर थांबतात, सुकवणीच्या बहुतेक टप्प्यांना तेवढे पुरतात. कोरोनात कपाळावर धरायला घेतलेली गन मात्र इथे निरुपयोगी.

या दिवसांत ब्लँकेट अंगावर असू द्यावं की नाही, यावर दोन मतं आहेत. मी असू द्यावं म्हणतो, पण गिलाव्याशिवाय, नुसतं पांघरलेलं. त्याने विटेच्या आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक कमी राहतो, वाफ तंतूंमधून निघून जाते आणि तडे बघायला ते उचलताही येतं. रात्री वरून प्लास्टिकचा कागद टाका. सकाळी त्याच्या आतून दव धरलेलं दिसलं तर भिंतीत अजून पाणी आहे. कागद भट्टी कोमट झाल्यावरच टाका, नाहीतर वितळून ब्लँकेटला चिकटेल.

गिलावा सगळ्यात शेवटी. त्यातून घुमटाच्या माथ्यावर अर्ध्या इंचाची एक नळी वर काढून ठेवा आणि तिला टोपण लावा. भट्टी पेटवताना टोपण काढायचं, आत राहिलेली ओल तिथून निघते.

काय दिसलं तर काय समजायचं

केसाएवढे तडे पडणारच, ते पाहून हबकू नका. भट्टी तापते तेव्हा फुगते. गार झाल्यावर ज्यात नाणं उभं शिरेल असा तडा असेल तर फायर क्लेच्या पातळ गाऱ्याने भरा. तडा खालून ओट्यातूनच वर आलेला असेल तर आगीला दोष देऊ नका. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; मुरमाची भर न घालता तिच्यावर थेट बांधलेला ओटा हलणारच. गच्चीवर बांधायची असेल तर ही भानगड नाही, पण पाऊण ते एक टन वजन स्लॅबवर येतं. ते पेलेल का, हे मिस्त्रीला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

घुमटाची काजळी जात नसेल तर भट्टी अजून ३५० अंशांपर्यंत पोचलेली नाही. एक तर लाकूड ओलं आहे, नाहीतर भिंत. प्लायवूड किंवा रंग दिलेलं फर्निचर जाळून तापमान वाढवायला जाऊ नका, तो धूर अन्नाला लागतो.

इन्सुलेशन जमलंय का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. रात्री पिझ्झे झाल्यावर निखारे काढून दार लावलं आणि सकाळी आत २०० च्या आसपास असेल तर नानकटाईचा घाणा निघतो. १०० च्या खाली गेलं असेल तर दाराच्या फटी, तळ आणि घुमटाचा पायथा या क्रमाने शोध घ्या. बाहेरचा गिलावा एकाच जागी हाताला चटका देत असेल तर तिथलं ब्लँकेट सरकलं किंवा चेपलं आहे.

पावसाळा

इंदुरात जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पावसाचे दिवस. या काळात सुकवणी सुरूच करू नका. काम मेमध्ये संपत नसेल तर सरळ दिवाळीनंतर धरा. बांधून झालेल्या भट्टीवर पत्र्याचं छत हवं. नुसती ताडपत्री घट्ट गुंडाळली तर खालून चढलेली ओल आतच कोंडते. सिरॅमिक ब्लँकेट भिजलं तर खराब होत नाही, पण वाळेपर्यंत काही अडवतही नाही.

दसऱ्याच्या सुमारास पहिल्यांदा पेटवताना पुन्हा १५० पासून सुरुवात करा. यावेळी आठवडा लागत नाही, दोन-तीन दिवस पुरतात. माथ्यावरच्या नळीच्या तोंडाशी थंड स्टीलची ताटली धरून पाहा. तिच्यावर थेंब जमत असतील तर त्या दिवशी जाळ वाढवू नका आणि पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा.