सोलापूरच्या माथ्यावरचा ५१ पेगासी कसा शोधावा

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये ज्याच्याभोवती सापडला, तो ५१ पेगासी हा तारा महाश्व (पेगासस) तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षांवर आहे. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, जवळजवळ २१ अंश उत्तर आणि सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर असल्यामुळे, येथे तो आकाशात सर्वांत उंच असतो तेव्हा खस्वस्तिकापासून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून) अवघा तीन अंश उत्तरेला दिसतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही वेळ रात्री साडेआठच्या सुमारास येते आणि दर पंधरवड्याला साधारण एक तास आधी सरकते. दिवाळीची अमावास्या अंधारी असली तरी फटाक्यांच्या धुरामुळे फारशी उपयोगाची नाही. त्याऐवजी आश्विन वद्य अष्टमीपासून वसुबारसेपर्यंतच्या रात्री निवडाव्यात, कारण तेव्हा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो. ताऱ्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक) ५.५ असल्याने शहरात तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावाच्या पुढे किंवा बार्शी रस्त्याने नान्नजकडच्या माळावर जावे, मात्र माळढोक अभयारण्याच्या हद्दीत शिरू नये. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण पुरेशी आहे. उभ्याने पाहिल्यास पाच मिनिटांत मान आखडते, म्हणून सोलापुरी चादर अंथरून, पाय उत्तरेकडे करून उताणे पडावे. पश्चिम आता डाव्या हाताला आली.

माथ्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याची पश्चिमेकडची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदा नक्षत्र. येथे नवखे हमखास फसतात: ‘पूर्वा’ म्हणजे पूर्वेकडची नव्हे, तर आधी उगवणारी. या बाजूचा पायांकडचा तारा शीअट आणि जवळजवळ थेट डोक्यावरचा मार्काब. दोघांमधले अंतर सुमारे १३ अंश, म्हणजे हात लांब केल्यावर एका मुठीहून थोडे अधिक. शीअटपासून नैऋत्येला सुमारे पाच अंशांवर, चौकोनाच्या बाहेर, म्यू आणि लॅम्डा ही ताऱ्यांची जवळची जोडी आहे. तिच्यातला शीअटच्या जवळचा आणि किंचित तेजस्वी तारा म्यू. म्यूपासून मार्काबकडे मनात रेघ ओढून तिच्यावरून सुमारे चार अंश पुढे गेले, की रेघेला लागूनच, किंचित पूर्वेला, ५१ पेगासी येतो. दिसलेल्या ताऱ्यांचे रेखाटन करून ते नकाशाशी पडताळल्याखेरीज ‘सापडला’ असे म्हणू नये. माझ्या मते ही सवय महागड्या दुर्बिणीपेक्षा मोलाची आहे.

ग्रह मात्र दिसणार नाही. तो शोधणारे खगोलशास्त्रज्ञ मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनीही तो पाहिला नव्हता. फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून त्यांनी ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा मोजल्या आणि त्या ४.२३ दिवसांच्या ठराविक लयीत निळ्याकडे व तांबड्याकडे सरकत असल्याचे त्यांना आढळले. गुरूच्या निम्म्याच्या आसपास वस्तुमानाचा ग्रह ताऱ्याला ओढत असल्याने तारा सेकंदाला सुमारे ५६ मीटर वेगाने, म्हणजे ताशी २०० किलोमीटरने, आपल्याकडे व आपल्यापासून दूर डोलतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील अंतराच्या विसाव्या भागावर एवढा मोठा ग्रह असेल अशी अपेक्षा तेव्हा फारशी कोणाला नव्हती. या शोधाबद्दल दोघांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

हा ग्रह आपल्या दृष्टिरेषेत ताऱ्यासमोरून जात नाही, त्यामुळे ५१ पेगासी मंद होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. ट्रायपॉड, कॅमेरा आणि चिकाटी असणाऱ्यांनी पुढच्या हिवाळ्यात याच तारकासमूहातील एचडी २०९४५८ हा तारा निवडावा. त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने कमी होतो, आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत तीन-चार तास सलग छायाचित्रे घेतली तर ही घट मोजता येते.