इन्स्टंट कॅमेऱ्यावर हात बसवून फिल्मच्या रोलकडे कसे वळावे

फिल्मवर छायाचित्रे काढायला शिकू इच्छिणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा जुना ३५ मिमीचा कॅमेरा मिळवण्याचा दिला जातो. सल्ला वाईट नाही. पण ३६ चित्रांचा रोल संपून, धुऊन हाती येईपर्यंत कोणत्या चित्राच्या वेळी ऊन कुठून येत होते आणि आपण कोणती कळ फिरवली होती, हे आठवेनासे होते. चूक आणि तिचे कारण यांच्यात इतके दिवस गेले की शिकणे मंदावते. इन्स्टंट कॅमेरा, म्हणजे चित्र जागच्या जागी बाहेर काढून देणारा कॅमेरा, हे अंतर काही मिनिटांवर आणतो. त्यातील फिल्म खरीखुरी रासायनिक फिल्म असते, चित्र पुसून पुन्हा काढता येत नाही आणि प्रत्येक चित्र पाकिटातून एक कमी करते. म्हणून रोलकडे जाण्याआधी काही पाकिटे इन्स्टंट कॅमेऱ्यावर खर्च करावीत, आणि ती गंमत म्हणून नव्हे तर अभ्यास म्हणून करावीत, असे माझे मत आहे.

फिल्म पुन्हा लोकांच्या हाती आली, त्यातही या कॅमेऱ्यांचा वाटा मोठा आहे. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी १९४७ मध्ये झटपट छायाचित्राचे प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढच्याच वर्षी पोलरॉइडचा पहिला कॅमेरा विक्रीस आला. २००८ मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हे प्रकरण संपल्यासारखेच दिसत होते. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे मात्र ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ या नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी विकत घेतली. जुनी रसायने मिळेनाशी झाल्यामुळे त्यांना फिल्मची कृती जवळजवळ नव्याने बसवावी लागली आणि २०१० मध्ये त्यांची फिल्म बाजारात आली; पुढे तीच पोलरॉइड या नावाने विकली जाऊ लागली. दुसरीकडे फुजीफिल्मची इन्स्टॅक्स मालिका १९९८ पासून चालूच होती. २०१८-१९ या आर्थिक वर्षात तिच्या कॅमेऱ्यांची विक्री एक कोटीच्या पुढे गेली. मोबाइलवर हजारो चित्रे काढणारी पिढी ‘फिल्म संपली’ म्हणजे काय, हे प्रथम अनुभवत होती ती याच कॅमेऱ्यांवर. त्यांतील काही जण पुढे रोलकडे वळले, आणि ते वळण सुकर कसे करावे हाच या लेखाचा विषय आहे.

कॅमेरा निवडताना

दिसायला सारखे असणारे तीन प्रकार आधी वेगळे करावेत. इन्स्टॅक्सच्या पाकिटात १० चित्रे येतात, फिल्म ८०० आयएसओची असते (आयएसओचा आकडा जितका मोठा, तितका कमी प्रकाश फिल्मला पुरतो) आणि चित्र दीड-दोन मिनिटांत बऱ्यापैकी उमटते. मिनी आकाराचे चित्र ६२ × ४६ मिमीचे, स्क्वेअर ६२ × ६२ मिमीचे आणि वाइड ९९ × ६२ मिमीचे असते. पोलरॉइडच्या पाकिटात ८ चित्रे असतात, रंगीत चित्र पूर्ण उमटायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि रंगांवर तापमानाचा परिणाम अधिक होतो. तिसरा प्रकार संकरित कॅमेऱ्यांचा. इन्स्टॅक्स मिनी एव्होसारख्या कॅमेऱ्यात चित्र आधी डिजिटल सेन्सरवर टिपले जाते आणि पसंत पडले तरच फिल्मवर छापले जाते. आठवणी जपायला तो सोयीचा आहे. पण इथे निर्णय चित्र काढल्यानंतर होतो, त्यामुळे ज्याला प्रकाश शिकायचा आहे त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

कॅमेऱ्यात निदान चित्र उजळ किंवा गडद करण्याची सोय आणि फ्लॅश बंद करण्याची कळ असावी. इन्स्टॅक्स मिनी ९० मध्ये या दोन्हींबरोबर एकावर एक दोन चित्रे घेण्याची सोयही आहे. सर्वांत साध्या कॅमेऱ्यांवर हा अभ्यास का अडतो, ते एका हिशेबावरून कळेल. लख्ख उन्हात ८०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ या छिद्रावर (छिद्र म्हणजे भिंगातील प्रकाशाची वाट; एफचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान) सुमारे १/८०० सेकंद प्रकाश पुरतो. इन्स्टॅक्स मिनी ९ चे शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, १/६० सेकंदावर कायम असते आणि त्याचे छिद्र फार तर एफ/३२ इतके लहान होते. म्हणजे सगळे नीट लावूनही फिल्मवर पावणेदोन स्टॉप प्रकाश जास्तच पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). अशा कॅमेऱ्यावर दुपारचे आकाश पांढरे आले तर दोष काढणाऱ्याचा नसतो.

जुना पोलरॉइड मिळत असेल तर पाकिटावरचे नाव नीट वाचावे. एसएक्स-७० ची फिल्म सुमारे १६० आयएसओची, तर ६०० ची फिल्म सुमारे ६४० आयएसओची असते. एकीच्या जागी दुसरी घातली तर दोन स्टॉपचा फरक पडतो. या दोन्हींच्या पाकिटातच बॅटरी असते. आय-टाइप पाकिटात ती नसल्यामुळे ते जुन्या कॅमेऱ्यात चालत नाही.

फिल्मच्या आत काय घडते

हे एकदा समजले की काळजी कशाची घ्यायची ते वेगळे सांगावे लागत नाही. चित्राच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची एक चपटी पिशवी असते. चित्र बाहेर येताना दोन रुळांमधून जाते, पिशवी फुटते आणि रसायन दोन थरांमध्ये सारखे पसरते. जिथे प्रकाश पडला तिथे चांदीच्या क्षारांबरोबर रंगद्रव्य अडकून पडते. जिथे पडला नाही तिथले रंगद्रव्य सुटून वरच्या थरात जाऊन बसते आणि चित्र तयार होते. त्यामुळे रूळ मळलेले असतील तर चित्रावर ठरावीक अंतराने डाग उठतात. दर पाकिटाला ते किंचित ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडे करावेत. चित्र बाहेर येत असताना वाटेत बोट धरू नये, ते ओढू नये आणि हलवू तर मुळीच नये. चित्र हातात झटकण्याची सवय थर सोलून काढायच्या जुन्या फिल्मच्या काळातील आहे, कारण तो प्रिंट ओला असे. आजच्या फिल्ममध्ये सगळे बंद थरांच्या आत घडते. झटकल्याने काही लवकर उमटत नाही, उलट थर वाकून चित्र बिघडू शकते. पोलरॉइडचे चित्र बाहेर येताच उपडे करून सावलीत ठेवावे.

तापमानाकडेही लक्ष हवे. पोलरॉइडच्या फिल्मला साधारण १३ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. त्याहून थंडीत चित्र फिकट व हिरवट होते, उष्णतेत पिवळसर-गुलाबी झाक येते. थंडीत उमटणारे चित्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. न वापरलेली पाकिटे फ्रिजमध्ये ठेवावीत, पण गोठवू नयेत, आणि वापरण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत.

अभ्यासाची पद्धत

एक न हलणारा विषय घ्यावा. खिडकीपाशी बसलेली संयमी व्यक्ती मिळाली तर उत्तमच. पहिल्या चित्रात प्रकाश समोरून, दुसऱ्यात बाजूने, तिसऱ्यात मागून येऊ द्यावा. कॅमेऱ्याची उजळ-गडद करण्याची कळ या तीनही वेळा मध्यावरच ठेवावी. मागून प्रकाश असलेल्या चित्रात चेहरा काळवंडेल, कारण कॅमेरा उजेडी खिडकी पाहून प्रकाश कमी करतो. आता त्याच जागी कळ उजळ बाजूला नेऊन चौथे चित्र घ्यावे: चेहरा दिसू लागेल आणि खिडकी पांढरी फटक पडेल. फिल्म किती फरक सोसू शकते याची मर्यादा या दोन चित्रांत जेवढी स्पष्ट दिसते, तेवढी पानेच्या पाने वाचूनही कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक चित्राच्या मागे टोकदार नसलेल्या मार्करने प्रकाशाची दिशा, अंतर व कळीची जागा लिहावी. हे कंटाळवाणे वाटते, पण याच्याशिवाय खर्ची पडलेले पाकीट काही शिकवत नाही.

फ्लॅशचा पल्ला साधारण दोन-अडीच मीटरच असतो. रात्री मोठ्या दालनात फ्लॅश टाकून मागची सजावट दिसेल ही अपेक्षा धरू नये. माणसे भिंतीजवळ उभी करावीत म्हणजे पार्श्वभूमी काळी पडणार नाही. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत दृश्यदर्शक (डोळा लावून पाहायची खिडकी) भिंगाच्या बाजूला असल्यामुळे जवळच्या चित्रात चौकट सरकते. भिंग दृश्यदर्शकाच्या ज्या बाजूला आहे त्याच्या उलट दिशेला कॅमेरा थोडा सरकवून ती दुरुस्त होते. एसएक्स-७० मध्ये भिंगातूनच पाहिले जात असल्याने हा त्रास नाही.

रोलकडे जाताना

न दिसणारे चित्र आधी मनात अंदाजता येऊ लागले, म्हणजे ‘इथे आकाश पांढरे पडणार’ हे कळ दाबण्यापूर्वी समजू लागले, की रोल घालावा. सुरुवातीला ४०० आयएसओची रंगीत निगेटिव्ह फिल्म (जिच्यावर उजेड-सावली उलटे उमटतात) घ्यावी. मात्र इन्स्टंटवर शिकलेली एक सवय इथे उलटी करावी लागते. इन्स्टंट फिल्म स्लाइड फिल्मप्रमाणे (जिच्यावर थेट सरळ चित्र उमटते) वागते. उजेडाचे भाग एकदा पांढरे पडले की त्यांत काही उरत नाही, म्हणून तिथे उजेड सांभाळायचा असतो. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश एक-दोन स्टॉपपर्यंत सहज सोसते, पण सावलीत प्रकाश पोहोचला नाही तर तिथे काहीच नोंदले जात नाही आणि स्कॅनमध्ये करडा, कणीदार मातकटपणा दिसतो. म्हणून रोलवर मोजमाप सावलीचे घ्यावे, आणि शंका असेल तर एक स्टॉप जास्तीचा प्रकाश द्यावा. प्रकाश मोजणारे मीटर नसलेल्या कॅमेऱ्यावर स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि १/५०० सेकंद यापासून सुरुवात करून सावलीत छिद्र वाढवत जावे.

पहिल्या रोलबरोबर इन्स्टंट कॅमेराही जवळ असू द्यावा. महत्त्वाच्या प्रसंगी आधी एक इन्स्टंट चित्र घेऊन उजेडाची दिशा व मांडणी पाहावी आणि मग रोलवर टिपावे. स्टुडिओत काम करणारे छायाचित्रकार अनेक वर्षे पोलरॉइडचा उपयोग असाच करत असत. रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत हवी असल्याचे आवर्जून सांगावे, कारण काही ठिकाणी केवळ स्कॅन पाठवून निगेटिव्ह टाकून दिली जाते. इन्स्टंट चित्राला निगेटिव्ह नसते, ते एकुलते एक असते. त्यामुळे ते उन्हापासून दूर, अल्बममध्ये ठेवावे आणि पोलरॉइडचे असेल तर महिनाभर नीट वाळू दिल्यानंतरच बंद चौकटीत घालावे.