सातवी जोडी: डी की एफ?

ल्यूट हे युरोपातलं जुनं तंतुवाद्य, तारा बहुतेक जोडीजोडीने लावलेल्या. कोणत्या जोडीवर, कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचं ते लिहायची त्याची लिपी म्हणजे टॅब्लेचर. फ्रेंच टॅब्लेचरमध्ये वरची रेघ म्हणजे सगळ्यात चढी जोडी, इटालियनमध्ये बरोबर उलटं. एवढं अंगवळणी पडलं की ल्यूटची लिपी आली असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातली मॅथ्यू होम्सची 1600च्या आसपासची हस्तलिखितं ऑनलाइन बघता येतात. तशाच एका इंग्रजी वहीतली पव्हान (संथ नृत्यरचना) मी स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या नेहमीच्या स्वरलिपीत, उतरवत होतो. सहा जोड्या खर्जाकडून जी, सी, एफ, ए, डी, जी, वाद नाही. त्यांच्याखालची सातवी मी एफ धरली, कारण आधीच्या दोन रचनांत ती एफच निघाली होती. टॅब्लेचर बोट कुठे ठेवायचं ते सांगतं. तार कशात लावलीय, ते बहुतेक वेळा सांगतच नाही!

पहिल्याच विरामाला डी मेजर कॉर्ड, त्यात एफ शार्प, आणि खाली मोकळी सातवी, म्हणजे माझ्या हिशेबाने साधा एफ. ऐकवेना. मग मी शहाणपणा केला: नक्कल करणारा चुकला असं ठरवून वरचा शार्पच खोडला. अशा नऊ 'चुका' सुधारल्या, प्रत्येकीला तळटीप. सरांनी पान चाळलं आणि म्हणाले, "सातवी डीत लावून बघ." नऊही गेल्या.

खूण समोरच होती. एफ मेजर कॉर्डखाली सातवीवर तिसरा पडदा लिहिलेला. डीपासून तिसरा पडदा एफ, चपखल. एफपासून ए फ्लॅट, तो तिथे कशाला येईल? शिवाय सातवी एफमध्ये असेल तर दुसऱ्याच पडद्यावर जी येतो, आणि तो सहावीवर मोकळाच मिळतो. त्यापुढे बोट न्यायची गरज सहसा पडत नाही. म्हणून आधी सातवीचे पडदे शोधा, मग स्वर लिहा. आमच्या घरी आई मालकंसाला तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावायची. ते रोज बघूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

टॅब्लेचर स्टाफवर उतरवणारं सॉफ्टवेअर तारांची आयती लावणी (कोणती तार कोणत्या स्वरात) धरून चालतं, त्याच्यावर विसंबू नका. जर्मन टॅब्लेचर तर पहिल्या वर्षी उघडूच नका: प्रत्येक जागेला वेगळं चिन्ह, सहाव्या जोडीची चिन्हं पुस्तकागणिक बदलतात, वर 'आबत्सूग' असेल तर सहावी एक स्वर उतरवलेली. बाकी घाबरण्यासारखं काही नाही, दोनतीन महिन्यांत कान खटकणारा स्वर आपोआप पकडतो.

सर मात्र लावणी आधी कधीच सांगायचे नाहीत. तेव्हा राग यायचा. अजूनही थोडा येतो.